दोरा-रॉकेलने बाटली वाकडी का फुटते

दोरा रॉकेलमध्ये भिजवून बाटलीला गुंडाळायचा आणि पेटवून बाटली कापायची, अशी एक पद्धत आहे. त्यात काप वाकडा जातो, कारण तडा कुठून जावा हे ठरवणारी रेघच काचेवर नसते. आधी काचकटरने एकच सलग रेघ मारा. तिच्यावरून कटर पुन्हा फिरवला की तडे भलतीकडे पळतात. मग बाटली गोल फिरवत रेघेवर उकळतं पाणी ओता, लगेच नळाचं गार. दोन-चार फेऱ्यांत सुटते. बर्फाचं पाणी नको, झटका जास्त बसतो. कडा १२०, मग २२०, शेवटी ४०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यात चालणाऱ्या सँडपेपरने) ओल्याच घासा. काचेची धूळ छातीत जाता कामा नये. चष्मा हवाच.

धड बाटल्या मात्र कापूच नका, भंगारवाल्याकडे त्या पुन्हा वापरात जातात. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून ‘स्वच्छ’च्या (पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या) ताईंच्या हातात वेगळी द्या. कचरा त्या हातानेच निवडतात.