पुस्तक मिटलं की हात ठप्प, पियानो शिकणाऱ्यांनी सांगा प्लीज

खारघरची_मनू
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून पियानो शिकतेय, ग्रेड २ झाली, आता ३ ची तयारी चालूय. घरी ८८ कीजचा डिजिटल आहे, वेटेड म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड कीजवाला, रात्री हेडफोन लावून बसते. प्रॉब्लेम असा की नोटेशन समोर असेल तर सगळं नीट वाजतं, पण पुस्तक मिटलं की संपलं. सासरी सगळे जमलेले, कोणीतरी म्हणालं "वाजव ना गं काहीतरी", तर परीक्षेचाच पीस सुरू केला, मधेच अडकले, मग परत पहिल्यापासून, परत तिथेच अडकले. स्वतःचं काही सुचणं तर लांबच राहिलं. हे उपजतच असावं लागतं का?

पेटीवाला_नौपाडा
उपजत वगैरे काही नसतं हो. मी मूळचा पेटीवाला, पियानोकडे नंतर वळलो, त्यामुळे सल्ला जरा देशी आहे. थोडे दिवस रियाजाच्या शेवटी पांढऱ्या पट्ट्यांना हातच लावू नका. काळी तीन (दोनच्या जोडीपासून मोजत तिसरी), म्हणजे एफ शार्प, सा धरा आणि ओळीने फक्त काळ्या वाजवत जा, सा रे ग प ध, झाला भूप राग. आता त्याच पाच काळ्या पण सा काळी एकवर न्या, दुर्गा. काळी पाचवर न्या, मालकंस!! एकही की बदललेली नाही, घर तेच, दार वेगळं. डाव्या हाताने सा-प धरून ठेवा आणि उजव्याने फिरा, मालकंसात पंचम (प) वर्ज्य, म्हणजे घ्यायचाच नाही, म्हणून तिथे सा-म. पेडल अधूनमधून सोडत जा नाहीतर सगळं गढूळ होतं. बेसूर व्हायची भीतीच नाही त्यामुळे हात मोकळा होतो. मग एक छोटी ओळ सुचली की तीच परत वाजवायची, फक्त शेवट बदलून. मींडेचा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा, नाद मात्र सोडा, ती पियानोवर येत नाही.

कोलशेत_बाबा
भूपाचे सूर वाजले म्हणजे भूप वाजला असं नाही हां, देसकार रागाचेही तेच पाच सूर आहेत. आधी स्केल्स (सुरांचे चढ-उतार) घोटा, बोटं तयार होऊ द्या, मग काय ते क्रिएटिव्ह.

पेटीवाला_नौपाडा
बाबा मान्य, पण त्यांना कुठे मैफल करायचीय, आधी भीती तर जाऊ दे 😄

वाशीची_टीचर
मी शिकवते म्हणून त्या अडकण्याबद्दल बोलते. सगळे जण दर वेळी पहिल्या बारपासूनच (नोटेशनमधल्या पहिल्या घरापासून) सुरू करतात, म्हणून पहिली ओळ घोटून गुळगुळीत होते आणि शेवटचं पान कच्चंच राहतं. पीसमध्ये चार-पाच ठिकाणी पेन्सिलने खुणा करा आणि कुठल्याही खुणेपासून थेट वाजवता यायला हवं, रियाज शेवटच्या खुणेपासून सुरू करून मागे मागे या. मग लोकांसमोर घसरलात तरी पुढच्या खुणेवर उडी मारायची, मागे अजिबात जायचं नाही, ऐकणाऱ्याला बऱ्याचदा कळतसुद्धा नाही. आणि घाबरलं की लय चढते, त्यामुळे हात ठेवायच्या आधी पीसमधली सगळ्यात अवघड ओळ मनात म्हणा आणि त्याच लयीत सुरू करा, सोप्या ओळीच्या लयीत सुरू केलंत की पुढे फजिती ठरलेली.
अजून एक, परीक्षा ट्रिनिटीची (लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची) असेल तर ग्रेड ५ पर्यंत साइट रीडिंग (न पाहिलेलं नोटेशन वाजवणं), ऑरल (ऐकून ओळखणं), इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी स्वतःचं सुचेल ते वाजवणं) आणि म्युझिकल नॉलेज यातल्या दोन टेस्ट आपण निवडायच्या असतात. माझ्याकडचे बहुतेक जण इम्प्रोव्हायझेशनकडे ढुंकूनही बघत नाहीत, तुम्ही सरांना विचारून घेऊन बघा, निदान त्या निमित्ताने रोज सराव होईल. बाबांच्या स्केल्स पण करा, पण कधी हळू आवाजात, कधी तुटक, कधी झोका देऊन, त्याच त्या एका सुरात नको.

खारघरची_मनू
ट्रिनिटीचीच आहे आणि हे ऑप्शनचं मला कोणी सांगितलंच नव्हतं 😐 मालकंस करून बघितला, भारी वाटलं. दुर्गात मात्र सा-प धरलं की जरा कोरडं वाटतंय, दुसरं काय धरू?

पेटीवाला_नौपाडा
तिथेही सा-म लावून बघा, म्हणजे काळी एक आणि काळी तीन, दुर्गात मध्यमाला (म) मान मोठा. आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवूनच बसा, सुचलेली ओळ दुसऱ्या दिवशी आठवत नाही.