अविवाहित आहे, फ्लॅट मैत्रिणीला द्यायचाय. नॉमिनेशन पुरेल का?

सायली_एकटी:
वय 52, लग्न केलेलं नाही, आईवडील गेले. एक भाऊ आहे. फ्लॅट माझ्या पगारावर घेतलेला, त्यात मी आणि मैत्रीण कितीतरी वर्षं राहतोय. सोसायटीत नॉमिनी तीच. परवा भाऊ हसत म्हणाला, "तुझं नाहीतरी आमच्या पोरांनाच येणार." भांडण नाही आमचं, पण तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे.
आणि एक. मागे पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा फॉर्मवर रकाना होता 'पती/वडील'. मी धडधाकट शुद्धीत, बिल मी भरणार, तरी भावाची सही आणा म्हणाले. असा कायदा आहे?

निवांत_नाना:
नॉमिनी लावलाय ना? मग विषय संपला. भावाला काय विचारायचं!

कोर्टाची_पायरी:
नाना, विषय तिथेच सुरू होतो. सोसायटी नॉमिनीच्या नावावर तात्पुरतं सभासदत्व करेल, पण मालकी वारसांचीच. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने अविवाहित बाईची मिळकत आधी आईवडिलांना, ते नसतील तर वडिलांच्या वारसांना, म्हणजे तुमच्या भावाला. मैत्रीण त्या यादीत कुठेच नाही. विम्यातही तेच: 2015 च्या दुरुस्तीने नॉमिनीला पैशाचा खरा हक्क मिळतो तो नॉमिनी म्हणून आईवडील, जोडीदार किंवा मुलं लावलेली असतील तरच.
बक्षीसपत्राच्या फंदात पडू नका. मुद्रांक शुल्क आहेच, वर नातेवाईक नसल्याने मैत्रिणीला आयकरही लागेल. मृत्युपत्राने मिळालं तर तो कर नाही. साधा कागद, तुमची सही, दोन साक्षीदार. मैत्रिणीला साक्षीदार करू नका.
सहीचं म्हणाल तर शुद्धीतल्या सज्ञान रुग्णाची संमती तिची तिनेच द्यायची. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या निकालातली रुग्ण 44 वर्षांची अविवाहित बाईच होती. ती भुलीखाली असताना आईची संमती घेऊन केलेली शस्त्रक्रिया न्यायालयाने बेकायदा ठरवली.

सायली_एकटी:
म्हणजे भाऊ बरोबर होता, मेला! लिहायला घेते. रजिस्टर करावंच लागतं?

कोर्टाची_पायरी:
सक्ती नाही, पण करून टाका, पुढे सहीवरून वाद घालणं जड जातं. आणि साक्षीदार तुमच्याहून तरुण बघा, तुमच्या मागे साक्ष द्यायला ते हवेत ना. आमच्याकडे येणारे लोक हटकून सत्तरीतले मित्र घेऊन येतात.