मदत हवी आहे: डॅलस परिसरात कडाक्याच्या थंडीआधी घराची आणि दुकानाची सुरक्षा यंत्रणा कशी तयार करावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को येथे राहतो आणि आयर्विंगमध्ये आमचे किराणा मालाचे छोटे दुकान आहे. डिसेंबरच्या मध्यापासून पाच आठवडे आम्ही दोघेही पुण्याला येणार आहोत. त्या काळात घर पूर्ण बंद राहील. दुकान आमचे सहकारी चालवतील, पण रात्री तिथे कोणी नसेल. एरवी इथला हिवाळा सौम्य असतो, त्यामुळे यंत्रणा बसवताना थंडीचा विचार आम्ही केला नाही आणि बसवणाऱ्यानेही तो विषय काढला नाही. मात्र १६ फेब्रुवारी २०२१ रोजी डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता आणि त्या आठवड्यात टेक्सासमधील ४५ लाखांहून अधिक घरांची व दुकानांची वीज गेली होती, हे इथे राहणारा कोणीही विसरलेला नाही.

गेल्या जानेवारीत पारा सलग काही दिवस शून्याखाली राहिला, तेव्हा आमच्या यंत्रणेतील उणिवा एकदम उघड्या पडल्या. घराच्या बाजूच्या भिंतीवर बॅटरीवर चालणारा कॅमेरा आहे आणि त्याला छोटे सौर पॅनेल जोडलेले आहे. दिवसा लख्ख ऊन असूनही तिसऱ्या रात्री तो बंद पडला आणि थंडी ओसरल्यावर आपोआप पुन्हा चार्ज होऊ लागला. गॅरेजमधील अलार्म पॅनेल, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेली मुख्य पेटी, त्याच रात्री बॅकअप बॅटरी कमकुवत झाल्याचे सांगू लागले. दुकानाचे मागचे लोखंडी दार बंद असतानाही उत्तरेकडचे वारे सुटले की अलार्म वाजत असे. पोलीस दोनदा येऊन गेले. खोट्या अलार्मची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की शुल्क भरावे लागते. पण मला अधिक चिंता याची वाटते की खरा प्रसंग आला तर तोही खोटाच समजला जाईल.

घरात पाण्याचे नळ छताखालच्या माळ्यावरून गेलेले आहेत, तसे ते इथल्या अनेक घरांत असतात. म्हणून आमच्या दृष्टीने चोरीइतकाच धोका नळ फुटण्याचा आहे. थर्मोस्टॅट १३ अंशांवर ठेवून जायचे आणि दोन्ही ठिकाणचा पाण्याचा मुख्य झडप बंद करायचा, असे आम्ही ठरवले आहे. याखेरीज काय करायला हवे, कोणती बॅटरी कुठे वापरावी, आणि वीज गेली तर ही यंत्रणा आम्हाला पुण्यात निदान कळवू तरी शकेल का, हे अनुभवी व्यक्तींनी कृपया सांगावे. खर्च करण्याची तयारी आहे, पण सगळे एकदम बदलणे शक्य नाही. त्यामुळे आधी काय करावे हे कळले तर फार मदत होईल.

प्रतिसाद, मिनियापोलिसहून

मी अकरा वर्षे अलार्म बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात आहे. सर्वांत आधी एक विनंती: दुकानात आगीसाठी छतातले स्प्रिंकलर असतील, तर त्यांचे पाणी कोणत्याही परिस्थितीत बंद करू नका. त्या नळांत पाणी सतत भरलेले असते आणि ती जागा किमान ४ अंश सेल्सिअसवर राखावी लागते. त्यामुळे दुकानाचा हीटर रात्रीही चालू राहू द्या आणि मागच्या खोलीत, तसेच छतावरच्या पोकळीत नळ जातात तिथे, कमी तापमानाचा सेन्सर लावून तो अलार्म पॅनेलला जोडून घ्या. घरातले पाणी बंद करण्याचा तुमचा निर्णय मात्र अगदी योग्य आहे. झडप बंद केल्यावर नळ उघडून आतले पाणी काढून टाका, आणि पाणी तापवण्याचे यंत्र बंद करण्याची रीत त्याच्या पुस्तिकेत पाहा.

कॅमेऱ्यात दोष नव्हता. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज केली की तिच्या आत धातूचा थर साचतो आणि ती कायमची खराब होते, म्हणून चांगले उपकरण अशा वेळी चार्जिंग स्वतःच थांबवते. ऊन असो वा वायर जोडलेली असो, बॅटरी फक्त खर्च होत राहते. दाराजवळचा आणि दुकानामागचा असे किमान दोन कॅमेरे नेटवर्कच्या तारेतूनच वीज घेणारे बसवा आणि ते कधीही बंद ठेवू नका. चालू कॅमेरा स्वतःच्या उष्णतेने तग धरतो, पण गारठलेला कॅमेरा नव्याने सुरू होताना अडतो. खरेदी करताना किमान तापमानाचा आकडा पाहा. पाण्यापासून संरक्षणाचा आकडा वेगळा असतो आणि त्यावरून थंडीबद्दल काहीच कळत नाही.

खिडक्या-दारांच्या सेन्सरमध्ये बहुधा लिथियमच्याच, चार्ज न होणाऱ्या बॅटऱ्या असतात. त्या थंडीत चांगल्या टिकतात, पण निघण्यापूर्वी सगळ्या नव्या घाला. दाराचे इलेक्ट्रॉनिक कुलूप असेल तर घाई करू नका. अनेक उत्पादक त्यात अल्कलाइन बॅटरीच वापरायला सांगतात, कारण लिथियमचा विद्युत दाब (व्होल्टेज) शेवटपर्यंत जवळपास सारखा राहतो आणि बॅटरी संपत आल्याची सूचना फार उशिरा मिळते. पॅनेलची शिसे-आम्लाची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावीच लागते, आणि गारठ्यात तिची क्षमता बरीच घटते. पॅनेल गॅरेजमधून घरात हलवता आले तर तेच करा.

दाराबाबत माझा अंदाज असा की वाऱ्याच्या दाबाने ते चौकटीत थोडे हलते आणि चुंबक व सेन्सर यांच्यातले अंतर मर्यादेबाहेर जाते. आधी बिजागऱ्या आणि कडी घट्ट करून घ्या, मग लोखंडी दारासाठी मिळणारा जास्त अंतर सहन करणारा सेन्सर बसवा. दुकानातला हालचाल टिपणारा सेन्सर हीटरच्या झोताकडे तोंड करून असेल तर तोही फिरवून घ्या, कारण थंड खोलीत गरम हवेचा झोत त्याला माणसासारखाच भासतो.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. दुकानात स्प्रिंकलर आहेत, आणि मी तिथले पाणी खरोखरच बंद करणार होतो. दाराची एक बिजागरी आज तपासली तर ती ढिली निघाली. पॅनेल हलवायला माणूस मिळतो का ते पाहतो. संदेशवहनाचा प्रश्न मात्र उरतो: इंटरनेट बंद पडले तर काय होईल?

प्रतिसाद, डॅलसजवळच्या प्लेनोहून

पॅनेलमध्ये मोबाइल नेटवर्कचा पर्यायी मार्ग आहे का, हे तुमच्या अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या (मॉनिटरिंग) कंपनीला विचारून घ्या आणि राउटरला छोटा यूपीएस जोडा. तरीही २०२१ मध्ये वीज लांबल्यावर काही मोबाइल मनोऱ्यांचीही बॅकअप बॅटरी संपली होती, म्हणून केवळ यंत्रावर विसंबू नका. पॅनेलशी संपर्क तुटला की तुम्हाला कळवले जाईल, अशी सोय कंपनीकडे मागा. फोनच्या यादीत पहिले नाव जवळ राहणाऱ्या विश्वासू शेजाऱ्याचे द्या, दुसरे तुमचे. त्यांच्याकडे अलार्मचा कोड आणि कुलपाची धातूची किल्ली असू द्या, आणि पाण्याची झडप कुठे आहे ते त्यांना प्रत्यक्ष दाखवून ठेवा. हिवाळ्यात पुणे आपल्यापेक्षा साडेअकरा तास पुढे असते, त्यामुळे इथल्या मध्यरात्रीचा फोन तुम्हाला दुपारच्या सुमारास येईल. तो पुण्यात नक्की लागेल असा क्रमांक आताच नोंदवून ठेवा. निघण्याच्या आठवडाभर आधी कंपनीला कळवून पॅनेल चाचणीवर टाका (म्हणजे त्या वेळचा अलार्म खरा समजला जाणार नाही), त्याची मुख्य वीज काढून घ्या आणि यंत्रणा बॅटरीवर किती तास चालते हे घड्याळ लावून पाहा.