खोबरेल नको, मेण आणि चरबी
टोपीच्या रिव्हॉल्व्हरला, म्हणजे बंदुकीची काळी दारू आणि गोळी वेगवेगळी भरून टोपीने पेटवायच्या जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरला, वंगण म्हणून कुणीतरी वर खोबरेल सुचवलंय. गोव्यात ते टिकणार नाही हो! खोबरेल २४-२५ अंशांनाच वितळतं. पणजीच्या मे महिन्यात ओघळून काळी दारूच भिजवेल. मधमाशांचं मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं. म्हणून मेण आणि मेंढीची चरबी एकत्र करून, त्यात बुडवलेली नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती दारू आणि गोळीच्या मध्ये ठेवणं मला सगळ्यात पटतं. गोळीवर थापलेलं ग्रीस पहिल्याच बारात शेजारच्या चेंबरवरून (गोळीच्या खणावरून) उडतं. खनिज तेलाचं ग्रीस तर टाळाच, दारूच्या काजळीत मिसळून डांबरासारखं चिकटतं. सिलिंडर (चेंबर असलेला फिरता भाग) ज्यावर फिरतो त्या आसालाही हेच मिश्रण लावा. कोल्ट बनावटीच्या रिव्हॉल्व्हरच्या आसावर ते धरून ठेवायला खाचा असतात, रेमिंग्टन बनावटीचा सिलिंडर मात्र लवकर अडकतो. आणि काजळी ओल शोषते, तेव्हा पावसाळ्यात त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा.