घेर कुठे मोजला, त्यावर सगळं अवलंबून

झाडाच्या लाकडाचं घनफळ काढायला घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी हे सूत्र बरोबरच आहे. पण त्यात छातीच्या उंचीचा (१.३७ मीटर) घेर घालायचा नसतो. सूत्र ओंडक्याच्या मधल्या घेरासाठी आहे, आणि लांबीसुद्धा सरळ बुंध्याचीच धरायची, शेंड्यापर्यंतची नाही. बांधावरची आमची सागाची झाडं विकताना मीही छातीचाच घेर धरून बसलो होतो. एका झाडाचा घेर ३६ इंच, बुंधा २० फूट. ९ गुणिले ९ गुणिले २०, भागिले १४४ (चौरस इंचांचे चौरस फूट करायला), म्हणजे ११.२५ घनफूट. झाड पाडल्यावर मधोमध घेर भरला ३० इंच. साल अर्धा इंच जाड होती, ती काढल्यावर घेर जवळजवळ ३ इंचांनी कमी झाला. २७ इंचाने हिशेब केला तर माल ६.३३ घनफूट! मनात धरलेल्या रकमेला तिथेच कात्री लागली.

आता विकणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. हे पाव-घेराचं सूत्र मुळातच खऱ्या गोल घनफळाच्या साधारण ७८.५ टक्केच आकडा देतं. वरच्याच ओंडक्याचं खरं घनफळ ८ घनफुटांच्या थोडं वर जातं. म्हणजे चिराईतली घट त्यात आधीच वजा झालेली असते. सालीची वजावट मोजून द्या, ती रास्त आहे. पण त्यावर व्यापारी आणखी ‘कटाईची घट’ म्हणून टक्के मागू लागला, तर हा हिशेब कागदावर मांडून दाखवा आणि तिथे अजिबात मागे हटू नका.