'गृहिणीकरण' हा शब्द चालेल का?

फोंड्याहून, प्रश्न :

आमच्या वाचनगटासाठी जर्मन स्त्रीवादी समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांच्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. एका शब्दापाशी आठ दिवस अडले, म्हणून इथे विचारते.

आधी बाईंची ओळख. जन्म 1931, जर्मनीच्या आयफेल भागातल्या शेतकरी घरात. आधी शाळेत शिक्षिका. 1963 ते 1968 ही पाच वर्षे त्या पुण्यात होत्या, मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकवत. इथल्या बायकांचे जगणे त्यांनी जवळून पाहिले ते तेव्हा. परत गेल्यावर भारतीय स्त्रिया आणि पितृसत्ता या विषयावर प्रबंध लिहिला, 1972 पासून कोलोनला समाजशास्त्र शिकवले. 1976 साली विद्यार्थिनींना सोबत घेऊन त्याच शहरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी आसरा उभा केला. नंतर नेदरलँड्समधल्या हेगच्या समाजविज्ञान संस्थेत स्त्रिया आणि विकास हा अभ्यासक्रम सुरू केला. 2023 च्या मे महिन्यात त्या गेल्या.

त्यांचा जो अभ्यास मला सर्वांत जवळचा वाटतो तो आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांचा. पुस्तक 1982 चे. गोदावरीच्या त्या पट्ट्यात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली. बायका उंबऱ्याच्या आत बसून विणतात, माल परदेशी जातो, व्यापारी आणि निर्यातदार पुरुष. आणि त्या बायकांना कामगार कोणीच म्हणत नाही. त्या 'घरीच असतात', 'फावल्या वेळात विणतात'. कामगार म्हणायचे नाही, म्हणून कामगाराची मजुरीही द्यायची नाही. या प्रकाराला मीस यांनी जर्मनमध्ये 'हाउसफ्राउइझीरुंग' म्हटले. हाउसफ्राउ म्हणजे गृहिणी. मी सरळ 'गृहिणीकरण' केले आहे. कानाला खटकते का?

डिचोलीहून, निवृत्त मराठी शिक्षक :

ताई, व्याकरणाची अडचण नाही. शुद्ध, सबल अशा अकारान्त शब्दांना -करण लागताना मध्ये ई येतो : शुद्धीकरण, सबलीकरण. 'गृहिणी' मुळातच ईकारान्त, तेव्हा 'खासगीकरण'सारखे 'गृहिणीकरण' तसेच राहील.

माझी हरकत अर्थाची आहे. 'न गृहं गृहमित्याहुः गृहिणी गृहमुच्यते' हे आम्ही वर्गात शिकवले. घराला घर म्हणत नाहीत, गृहिणीलाच घर म्हणतात. एवढ्या मानाचा शब्द घेऊन त्याला शोषणाच्या प्रक्रियेचे नाव का करायचे? मला 'घरकोंडी' सुचते, किंवा 'गृहबद्धीकरण'.

म्हापशाहून, एक वाचक :

'घरगुतीकरण' कसे वाटते? बोलीला जवळ आहे.

फोंड्याहून :

गुरुजी, तुमची हरकत मनापासून पटली आणि त्याच कारणाने मला 'गृहिणी' सोडवत नाही. हाउसफ्राउ हासुद्धा तिकडे मानाचाच शब्द. मीस यांचा मुद्दा नेमका मानाचा आहे. बाईला कोंडले असे कोणी म्हणत नाही, तिला गृहिणी म्हणतात. तो मान खराच असतो आणि त्या मानाखाली तिची मजुरी दिसेनाशी होते. 'घरकोंडी' म्हटले की वाचक कडी लावलेले दार बघेल. नरसापूरच्या दारांना कडी नव्हती. शिवाय मीस हा शब्द फक्त बायकांपुरता ठेवत नाहीत. ज्याला कायम नोकरी नाही, रजा नाही, संघटना नाही, असे कोणाचेही काम गृहिणीच्या कामासारखे स्वस्त आणि सुटे करून टाकले की ते गृहिणीकरणच. मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवणाऱ्या मुलाला 'भागीदार' म्हणतात, कामगार म्हणत नाहीत, तेही यात बसते. त्याची कोंडी घरात झालेली नाही, रस्त्यावर झाली आहे.

म्हापशाच्या ताई, 'घरगुती' मी बराच वेळ तोंडात घोळवून पाहिला. पण बाजारात 'घरगुती' हे कौतुकाचे नाव झाले आहे. घरगुती पापड, घरगुती लोणचे, घरगुती मसाला. पाकिटावर हा शब्द असला की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देते, आणि करणारीला 'घरगुतीच तर आहे' म्हणून दोन पैसे कमी मिळतात. एकाच शब्दाने दोन्ही कामे होतात. फार बोलका शब्द आहे, पण प्रक्रियेचे नाव म्हणून घेतला तर चव सांगितल्यासारखा वाटेल.

मडगावहून, वकील :

गोव्यातला एक अनुभव सांगतो. आपल्याकडे 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून लागू झाली आणि तिचे कुटुंबविषयक कायदे अजून चालतात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते आणि बायको निम्म्या हिश्शाची मालकीण ठरते. जमीन विकायची तर तिची सही हवीच. दस्तऐवजात तिचे नाव, वय आणि पुढे धंदा लिहितात. बहुतेक ठिकाणी तिथे 'गृहिणी' असते. जुन्या पोर्तुगीज नोंदींत त्याच जागी 'दोमेस्तिका' दिसते. भाषा बदलली, रकाना तोच. मालमत्तेत निम्मी आणि कामात शून्य, हे एकाच पानावर वाचायला मिळते.

फोंड्याहून :

वकीलसाहेब, हे वाचून पोटात कालवले, कारण तो कागद माझ्या घरात आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या जमिनीचा एक तुकडा विकला. सासूबाई सहीला आल्या होत्या. लेखनिकाने न विचारताच 'गृहिणी' घातले आणि मीही काही बोलले नाही.

सासूबाईंचे हात मी एप्रिल-मेमध्ये पाहिले आहेत. भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून फोडून बोटे मनगटापर्यंत तांबडी होतात आणि तो रंग पंधरा पंधरा दिवस जात नाही. बिया वेगळ्या, साले वेगळी. साले मिठाच्या रसात भिजवायची, उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करून परत त्याच रसात. असे बरेच दिवस, मग ती काळी होतात, तीच सोलां. आभाळ भरून आले की हातातले जेवण टाकून अंगणात धावायचे. शेवटी उरलेला खारा रस, म्हणजे आगळ, बाटल्यांत. वर्षाची सोलां घरात ठेवून बाकीची फोंड्याच्या बाजारात एका दुकानदाराला जातात, भाव तो सांगेल तो. आणि 'तुम्ही काय करता' म्हणून कोणी विचारले तर त्या म्हणतात, "हांव कांय करिना, घराच आसतां."

जागतिक हिशेबपद्धतीत, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न मोजायच्या नियमांत, घरी केलेली वस्तू उत्पादन धरतात, घरच्यासाठी ठेवलेली असली तरी. पण घरच्या माणसांसाठी केलेला स्वयंपाक, धुणे, म्हाताऱ्यांचे करणे उत्पादनात येत नाही. म्हणजे सासूबाईंनी वाळवलेली सोलां नियमाने हिशेबात आणि त्याच सोलांची सोलकढी हिशेबाबाहेर. जनगणनेत तर घरकाम करणाऱ्या बायका 'काम न करणाऱ्यां'त. 2001 च्या जनगणनेत त्यांना भिकारी आणि कैद्यांच्या पंक्तीला बसवले होते, त्यावर 2010 साली सर्वोच्च न्यायालयानेही निकालपत्रात नापसंती नोंदवली. 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जातो असे दिसले, पुरुषांचा 97. शिवाय बायकांतल्या 81 टक्के ते काम करतात, पुरुषांतले 26 टक्केच. पाच तास रोज जाणारे काम 'कांय करिना' या दोन शब्दांत मावते.

डिचोलीहून, शिक्षक :

'गृहिणीकरण'ला माझी हरकत आता नाही. मला खटकतो आहे तो तुमच्या प्रश्नातलाच 'फावल्या वेळात'. 'फावणे' म्हणजे सवड मिळणे हा एक अर्थ. दुसरा म्हणजे लाभणे, साधणे. 'त्याचे बरे फावले' आपण म्हणतो ना? नरसापुरात वेळ बाईचा, फावले व्यापाऱ्याचे. अनुवादात हा शब्द अवतरणात ठेवा, तुमचा म्हणून वापरू नका.

फोंड्याहून :

गुरुजी, हे मला सुचले नसते. बदल केला.

म्हापशाहून :

'राजकीय अर्थशास्त्र' कसे करता आहात? माझ्या मुलीला ते ऐकून निवडणुकीचा खर्च आठवतो.

फोंड्याहून :

'राजकीय अर्थशास्त्र'च ठेवले आहे, रुळलेले आहे. पण त्याच्या मुळाशी गेले तर गंमत नव्हे, दुःख वाटते. युरोपीय भाषांतला मूळ शब्द 'इकॉनॉमी' हा ग्रीक 'ओइकोस'वरून, ओइकोस म्हणजे घर. घराचा कारभार बघणे ते अर्थशास्त्र. 1615 साली माँक्रेतियँ या फ्रेंच लेखकाने ग्रंथाच्या नावात 'राजकीय' जोडले तेव्हा त्याचा भाव राज्याचा घरकारभार असाच होता. पुढे या शास्त्रातून घरच बाहेर गेले. कारखाना, खंड, भांडवल, मजुरी उरली. मीस आणि जर्मनीतल्या बीलेफेल्डच्या त्यांच्या अभ्यासक मैत्रिणींनी हिमनगाचे चित्र काढले : पाण्यावर दिसते ते भांडवल आणि पगारी काम, पाण्याखाली बायकांचे घरातले काम, लहान शेतकऱ्याचे पोटापुरते काम, वसाहतींतली लूट, निसर्ग. खालचे वितळले तर वरचे तरंगणार नाही.

आपल्याकडे गावाकडचा नवरा बायकोला 'कारभारीण' म्हणतो. ओइकोसचा इतका नेमका प्रतिशब्द मला दुसरीकडे मिळाला नाही. दस्तऐवजात तो लिहिता आला असता तर मी तोच लिहिला असता.

मडगावहून, वकील :

2012 पासून आपल्या राज्याची गृह आधार योजना आहे, गृहिणींना सध्या महिन्याला 1,500 रुपये. त्याला मोबदला म्हणायचे का?

फोंड्याहून :

ते पैसे सासूबाईंच्या खात्यावर येतात आणि त्यांची औषधे त्यातून होतात, म्हणून मी त्याला कमी लेखणार नाही. पण नावातच उत्तर आहे. आधार पडणाऱ्याला देतात, मोबदला काम करणाऱ्याला. महागाईत हातभार म्हणून ही योजना आली, कामाचे दाम म्हणून नाही. शब्द प्रामाणिक आहे, तेवढेच तो सांगतो.

आता शेवटचे अडलेले. मीस 1990 च्या दशकात ज्या कल्पनेवर येऊन थांबल्या ती म्हणजे बाजारासाठी नव्हे, जगण्यासाठी उत्पादन. 'उदरनिर्वाह' म्हटले की गरिबी डोळ्यांपुढे येते, 'उपजीविका' म्हटले की नोकरी. त्यांना तर पुरेपणा म्हणायचा आहे. पावसाळ्याआधी आपण घरात पुरुमेंत भरतो, सुके बांगडे, मिरच्या, सोलां, चिंच, मीठ. पोर्तुगीज शब्द, पण आता आपलाच. भरलेल्या पुरुमेंताकडे बघून माझ्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे येते, त्याला मराठीत काय म्हणतात? सत्तरी-पेडण्याकडे जुन्या बायकांच्या तोंडी एखादा शब्द ऐकला असेल तर कृपा करून कळवा. अनुवाद पुढच्या रविवारी गटात वाचायचा आहे.