नवीन गाडीला आतून वॅक्स मारून घ्यायचं का? आपल्या खान्देशात गरज आहे का?

सावद्याचा_केळीवाला
राम राम मंडळी. दिवाळीला नवीन गाडी घेतली. घेतानाच शोरूमवाला मागे लागला होता की अंडरबॉडी अँटी-रस्ट, म्हणजे गाडीच्या खालून गंज न लागण्यासाठीचं काळं कोटिंग, करून घ्या, तेव्हा नको म्हटलं. आता नाशिकचा मित्र सांगतोय की ते काळं कोटिंग काही कामाचं नाही, सिलमध्ये (दारांखालची पोकळ पट्टी) आणि दारांच्या पोकळीत वॅक्स मारून घे, पत्रा पंधरा वर्षं हलत नाही. बाहेर देशातले व्हिडिओ पाहिले तर तिकडे लोक दर हिवाळ्याआधी करतात म्हणे. बाबांची जुनी गाडी दाराखालून सडलेली मी स्वतः पाहिलीय, वेल्डिंग करून करून थकलो होतो, म्हणून मनात भीती आहे. पण आपल्याकडे ना समुद्र ना बर्फ, मे महिन्यात ४५ डिग्री. माझा वापर म्हणजे घर, मळा, महिन्यातून एकदा जळगाव, आणि डिकीत अधूनमधून खताच्या गोण्या. खरंच फायदा आहे का पैसे वाया? अनुभव असेल त्यांनीच सांगा.

धुळे_डेंटर
भाऊ, बावीस वर्षं पत्राकाम करतोय. आपल्या भागात गाडी खालून सडत नाही, जिथे चिखल अडकून बसतो तिथून सडते. काळी माती एकदा मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात चिकटली की दिवाळीपर्यंत ओल धरून असते, वरून बघणाऱ्याला कोरडी ठणठणीत वाटते. आणि त्या काळ्या कोटिंगचं ऐका, मागच्या पावसाळ्यात सात वर्षांची एक गाडी आली, खालून एकदम चकाचक काळी, मालक म्हणे गाडी टकाटक आहे. मी सिलच्या कडेला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर तळहाताएवढा पोपडा सुटून हातात आला आणि आत ओली तांबूस भुकटी. धुतल्यावर नीट वाळू न देता घाईत मारलं होतं, त्यात दगड लागून चीर पडली की पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. वॅक्स त्यापेक्षा चांगलं, ते मऊ राहतं, तडकत नाही, जोडाच्या फटीत झिरपतं. पण नवीन गाडीला आधी खालची भोकं उघडी आहेत का ते बघा. दाराच्या आणि सिलच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात, चिखलाने बुजलेली असतात. सायकलचा जुना स्पोक घालून हलक्या हाताने मोकळी करा, पेंट खरवडू नका.

भुसावळ_पेंटशॉप
मी गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपला आहे म्हणून थोडं लांबण लावतो. बाबांच्या गाडीशी तुलना करू नका भाऊ. आता अख्खी बॉडी टाकीत बुडवतात आणि त्यातून वीज सोडतात, म्हणजे प्रायमर पोकळीच्या आतल्या बाजूलासुद्धा चिकटतो जिथे स्प्रे गन कधीच पोचली नसती, मग १६०-१७० डिग्रीच्या आसपास भट्टीत भाजतात. त्याला सीईडी म्हणतात. शिवाय बऱ्याच गाड्यांत काही पॅनल जस्त चढवलेल्या पत्र्याचे असतात, ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. सगळेच पॅनल तसे असतात असं नाही, स्वस्त गाडीत कमी असतात. काही गाड्यांना सिलमध्ये वॅक्स कारखान्यातच मारलेलं असतं. तुम्ही व्हिडिओत बघता ते कॅनडा-इंग्लंडचे लोक, तिकडे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते मीठ खालून पत्रा खातं, म्हणून त्यांचं वॅक्स मारणं बरोबरच आहे.
पण तुमच्या पोस्टमधली खताच्या गोण्यांची गोष्ट मला खटकली. केळीला पोटॅश टाकता ना? म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचाच सख्खा भाऊ. हवेतली ओल धरतं आणि क्लोराईड पत्र्याला लागलं की जिथे पेंट सुटलाय तिथून खायला सुरू. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बघा एकदा, मग वॅक्सचं ठरवा.

नंदुरबार_ते_रत्नागिरी
मी सहा वर्षं नोकरीला रत्नागिरीत, गाडी घराबाहेर उघड्यावर, समुद्र दीड किलोमीटर. दोन वर्षांत बोनेटच्या आतले बोल्ट तांबडे, म्हणून वॅक्स मारून घेतलं आणि दर दोन वर्षांनी परत मारतो, समाधानी आहे. जिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे पैसे वसूल. जळगावात सातशेच्या आसपास पडतो, तिथे राहत असतो तर मारलं नसतं. मारणार असाल तर एवढं बघा की ब्रेक डिस्क, सायलेन्सर आणि सीट बेल्टच्या रीळवर उडता कामा नये, आणि काम झाल्यावर भोकं परत मोकळी करून मागा. आणखी एक, पुढे कधी तिथे वेल्डिंग करायची वेळ आली तर डेंटरला आधी सांगा, वॅक्स पेट घेतं. उन्हाळ्यात नंदुरबारला घरी आलो की सुरुवातीला दाराखालून थोडं ओघळायचं, फरशीवर डाग पडायचे, घाबरू नका.

सावद्याचा_केळीवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. आजच सकाळी कार्पेट उचललं आणि काळजात धस्स झालं. स्टेपनीच्या खाली लालसर दाणे सांडलेले, ओलीने चिकट झालेले, आणि जॅकच्या पायाखाली नखाएवढा गंज. गाडी घेऊन वर्ष नाही झालं. दाणे झाडून काढले, साध्या पाण्याने तीनदा पुसलं, दिवसभर डिकी उघडी ठेवून वाळवलं. डाव्या बाजूच्या मागच्या दाराचं भोक पण बुजलेलं होतं, स्पोक घातला तर कपभर काळं पाणी आलं. पूर्ण वॅक्सचं रद्द करतो, खत आता ट्रॉलीतूनच नेणार. @धुळे_डेंटर दादा, तो नखाएवढा गंज पॉलिश पेपरने घासून प्रायमर मारला तर चालेल का, का तुमच्याकडेच घेऊन येऊ? रविवारी धुळ्याला येणंच आहे.

धुळे_डेंटर
घासू नका, आहे तसंच कोरडं ठेवा आणि घेऊन या. आत किती गेलंय ते बघूनच सांगतो.